चिरमुल्यांची दसऱ्याची भेट

गोपाळकृष्ण चिरमुले वाईट माणूस आहेत असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. कोथरूडला त्यांच्या सोसायटीत विचारा, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा, नाहीतर संस्थेच्या कॅन्टीनमध्ये विचारा. सगळे हेच सांगतील की माणूस सरळ आहे, वेळेवर येतो, वेळेवर जातो, कुणाचं उसनं घेत नाही आणि कुणाला देतही नाही. फक्त दुसऱ्याचं बरं झालेलं त्यांना बघवत नसे. पण हे दुखणं पुण्यात इतकं घरोघरी आहे की त्याला कुणी दुर्गुण म्हणून मोजत नाही.

बघवत नसे म्हणून ते कुणाचं वाकडं करायला जात, असंही नव्हे. दुखायचं ते घरी येऊन दुखू द्यायचे. कसबा पेठेत तांबट आळीच्या तोंडाशी दोन खोल्यांत ते वाढले. बाहेर दिवसभर तांब्याच्या पातेल्यांवर हातोडे पडायचे आणि आत गोपाळ पाढे म्हणायचा. वर्गात त्याचा दुसरा नंबर. पहिला मावसभाऊ अवधूतचा, आणि हा अवधूत अभ्यास करताना कुणाला कधी दिसला नाही. दुसरा नंबर हे काही दुःख नव्हे. पण निकालाच्या दिवशी अवधूत गोपाळच्याच घरी येऊन त्याच्याच आईच्या हातचा शिरा दोनदा मागून खायचा, ते गोपाळला सहन व्हायचं नाही. पुढे अवधूत अमेरिकेला गेला, तिथे त्याचं घर झालं, घरामागे तळं झालं. तळ्याचा फोटो आला की चिरमुल्यांना जेवण जायचं नाही. त्यांच्या पत्नी आनंदीबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यांनी नवऱ्याचं हे दुखणं ओळखलं होतं. संध्याकाळी तो चेहरा पाडून आला की पाण्याचा पेला पुढे करत त्या विचारायच्या, आज कुणाचं चांगलं झालं?

चिरमुल्यांची नोकरी चांदणी चौकाच्या पलीकडे, बावधनच्या अंगाला असलेल्या एका खासगी रसायन संशोधन केंद्रात. काम असं की औषधं बनवताना दोन रेणू एकमेकांना जोडावे लागतात, आणि ते काही आपण होऊन जोडले जात नाहीत. मध्ये एखादा धातू लागतो. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा तो दोन्ही पक्षांना एका जागी आणतो, गाठ मारून देतो आणि स्वतः होता तसा बाजूला होतो. या मध्यस्थांत पॅलेडियम सगळ्यात हुशार, पण भाव सोन्याच्या पेढीतला. चिरमुल्यांचं म्हणणं असं की हेच काम लोखंडाला का येऊ नये? लोखंड स्वस्त, लोखंड मुबलक, आणि गोळीत चुकून चार कण राहिले तरी पोटाला अपाय नाही.

विचार चांगला होता. या एका विचारावर चिरमुल्यांनी अठरा वर्षं काढली. लोखंड जोडत नव्हतं असं नाही, पण शंभरातले तीस रेणू जोडले जायचे आणि सत्तर अविवाहित राहायचे. तापमान वाढवा, कमी करा, वेगळं लोखंड आणा, वेगळं सॉल्व्हंट, म्हणजे रेणू विरघळवायचा द्रव, घ्या, यील्ड म्हणून जे हातात यायचं ते तीसच. कधी अठ्ठावीस, कधी एकतीस. हळूहळू असं झालं की संस्थेत लोखंड म्हटलं की लोकांना चिरमुले आठवत आणि चिरमुले म्हटलं की तीस.

मग तनुजा पाडाळे आली.

म्हाळुंग्याची मुलगी. वडील हिंमतराव पूर्वी ऊस लावायचे. आता त्या उसाच्या जागी टॉवर उभे होते आणि त्यातले काही मजले हिंमतरावांचेच होते. म्हणजे पोरीला नोकरीची गरज नव्हती. चिरमुल्यांना पहिली कळ तिथेच आली. आपण पोटासाठी जे केलं ते ही हौसेने करणार. शिवाय ती मोठ्याने हसायची, कॅन्टीनवाल्याला नावाने हाक मारायची, आजीने दिलेला ठेचा डब्यातून सगळ्यांना वाढायची, आणि गडबडीत असली की गावचं बोलायची. चिरमुले तिला पाडाळेबाई म्हणायचे. हा आदर आहे की टोमणा हे तिला कधी कळलं नाही, कारण ती त्या दृष्टीने बघतच नसे.

संस्थेत एक जुनी पद्धत होती. नव्या माणसाला जुनं सामान द्यायचं. तनुजाला सामान द्यायचं काम चिरमुल्यांकडे आलं. त्यांचं स्वतःचं एक कपाट होतं, कुलूपबंद, आणि त्यावर त्यांच्या हस्ताक्षरात पाटी होती: ‘या कपाटातील वस्तू मागू नयेत. नाही म्हणताना आम्हास वाईट वाटत नाही.’ त्या कपाटात नवी कोरी काचेची भांडी होती, नवे कोरे मॅग्नेट होते. मॅग्नेट म्हणजे फ्लास्कमधलं मिश्रण ढवळायला आत टाकतात ती कॅप्सूलएवढी चुंबकाची कांडी. वरून पांढरा गुळगुळीत मुलामा असतो, नॉनस्टिक तव्याच्याच जातीचा. खालचं यंत्र फिरलं की फ्लास्कमध्ये ही कांडी गरगर फिरते. चिरमुल्यांनी कपाटाकडे पाठ केली, खालच्या फळीवरचा जुना डबा काढला आणि त्यातले काळपटलेले, ओरखडे पडलेले मॅग्नेट तनुजाला दिले. ती थँक्यू सर म्हणाली आणि ॲसिटोनने धुऊन ते वापरायला लागली.

वर्षभरात तिने लोखंडाचं यील्ड ब्याण्णववर नेलं.

श्रावणातल्या एका सोमवारी, साप्ताहिक बैठकीत तिने हा आकडा पडद्यावर दाखवला. आधी कुणाचा विश्वास बसला नाही, मग टाळ्या झाल्या. संचालिका डॉ. आम्रपाली रणपिसे सहसा कुणाचं तोंडावर कौतुक करत नसत. त्या उठून तिच्यापर्यंत गेल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तनुजा वळून चिरमुल्यांना म्हणाली, “तुमचंच काम हाय सर. मी नुसतं जरा पुढं ढकललं.”

तिने हे मनापासून म्हटलं होतं. चिरमुल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला तो त्या ‘नुसतं जरा’ या दोन शब्दांनी. अठरा वर्षं त्यांनी जो दगड खांद्यावर वाहिला तो हिने नुसता जरा ढकलला. त्यांनी तिची सगळी कृती मागून घेतली, हिने लपवून काही ठेवलं आहे का ते पाहिलं. काही लपवलेलं नव्हतं. मग त्यांनी स्वतः, स्वतःच्या हाताने, तिच्या कृतीप्रमाणे करून बघितलं. तीस. पुन्हा केलं. एकोणतीस. प्रयोगशाळेत लोक म्हणू लागले, तनुजाच्या हाताला यश आहे. चिरमुल्यांनी आपले हात साबणाने धुताना आरशात स्वतःकडे पाहिलं आणि त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. हा मत्सर अवधूतच्या तळ्यासारखा लांबचा नव्हता. तो शेजारच्या टेबलावर बसून ठेचा खात होता.

गणपतीच्या दिवसांत एकदा ती फ्लास्कमधून चिमट्याने मॅग्नेट बाहेर काढत होती. चिरमुले सहज बघत होते. सहज म्हणजे रोज बघायचे तसे. ते काळं मॅग्नेट पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो जुना डबा! पूर्वी संस्थेत एका औषधासाठी वर्षानुवर्षं पॅलेडियमचं काम चालायचं. हे मॅग्नेट त्या वेळचे. पॅलेडियमची काळी पूड मुलाम्याच्या ओरखड्यांत जाऊन बसते आणि ॲसिटोनने काय, कशानेच निघत नाही. त्याला जालीम आम्ल लागतं. चिरमुले स्वतःचे मॅग्नेट तसल्या आम्लात उकळून मगच वापरायचे. सोवळंच म्हणा ना. म्हणजे त्यांचं तीस हे खरं, सोवळ्यातलं तीस होतं, आणि तिच्या ब्याण्णवात पॅलेडियम चोरपावलांनी शिरलेलं होतं.

त्यांनी काहीतरी कारण काढून तिच्याकडून एक काळं मॅग्नेट मागून घेतलं. रविवारी संस्थेत कुणी नसताना ते आपल्या फ्लास्कमध्ये टाकलं. सगळं तेच, लोखंड तेच, हातही तेच बिनयशाचे. संध्याकाळपर्यंत एक्क्याण्णव आले. चिरमुल्यांना इतका आनंद झाला की बाहेरच्या टपरीवर उभं राहून त्यांनी दोन प्लेट कांदाभजी खाल्ली, जी त्यांना पित्तामुळे वर्ज्य होती. पांढरं मॅग्नेट घातलं तर तीस, काळं घातलं तर नव्वदीच्या वर. म्हणजे लोखंड नव्हेच, पॅलेडियम. विषय संपला. अठरा वर्षं वाया गेली नव्हती. आपण हरलो नव्हतो.

सोमवारी सकाळी तिला सांगायचं असंच ते ठरवून आले होते. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. वाक्यंसुद्धा तयार होती: पाडाळेबाई, जरा बसा, तुमच्या हाताला यश नाही, मॅग्नेटला आहे. पण त्या सोमवारच्या बैठकीत रणपिसेबाईंनी जाहीर केलं की लोखंडाच्या कामाचा संस्था आता स्वतंत्र विभाग काढते आहे. डिसेंबरमध्ये एका औषध कंपनीचे लोक येतील, त्यांना तनुजाने ही जोडणी समोर करून दाखवायची. ती नीट झाली की विभाग तिच्याकडे.

लोखंडाचा विभाग. हे दोन शब्द चिरमुले मनातल्या मनात किती वर्षं उच्चारत होते ते आनंदीबाईंनाच माहीत. दारावर पाटी कुठे लागेल, टेबल कुठल्या खिडकीशी असेल, सगळं त्यांचं ठरलेलं होतं. आता त्या पाटीवर पाडाळे येणार आणि चिरमुले आत जाऊन तिच्याकडे रजेचा अर्ज देणार. त्यांनी तयार केलेली वाक्यं गिळली. तिला सांगितलं असतं तर ती चूक सुधारून मोकळी झाली असती. त्यांना ती सावरायला नको होती, पडायला हवी होती, आणि सगळ्यांच्या देखत.

खंडेनवमीला संस्थेत यंत्रांची पूजा असते. तराजूंना झेंडूच्या माळा, पंपांना हळदकुंकू, काचेच्या कपाटांवर आंब्याची पानं. त्याआधी सगळी प्रयोगशाळा धुऊनपुसून लख्ख करतात. त्या दिवशी पूजा झाली, पेढे वाटले, उद्याचं सोनं आजच म्हणून कुणी आपट्याची पानं दिली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चिरमुल्यांनी खिशातून किल्ली काढून ते कपाट उघडलं. काहींनी ते कपाट आतून कधी पाहिलेलंच नव्हतं. चिरमुल्यांनी नव्या मॅग्नेटचं पाकीट काढलं, वर आपट्याचं पान ठेवलं आणि तनुजापुढे धरलं. म्हणाले की मोठं काम करताय, जुन्या सामानावर करू नका. जुने इकडे द्या, मी त्यांची विल्हेवाट लावतो.

तनुजाने वाकून त्यांना नमस्कार केला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “माझ्या वडिलांनी पण मला असं काही दिलं नसतं सर,” ती म्हणाली. लोक नंतर आठवडाभर याच गोष्टीबद्दल बोलत होते, चिरमुल्यांच्या मनाचा मोठेपणा कसा आतून झाकलेला होता वगैरे. चिरमुल्यांनी काळे मॅग्नेट रुमालात बांधले आणि घरी जाताना वाटेतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिले.

दसऱ्यानंतर पहिल्याच वेळी तनुजाचं यील्ड एकोणतीस आलं.

तिला वाटलं चुकलं असेल काही. सरांनी स्वतःच्या कपाटातून काढून दिलेल्या मॅग्नेटवर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दिवाळी आली, सगळे घरी गेले, ती येत राहिली. हसणं कमी झालं, मग थांबलं. डबा आणायची तो तसाच परत न्यायची. डिसेंबरच्या पाहुण्यांना काय दाखवणार? शेवटी ती स्वतःहून रणपिसेबाईंकडे गेली आणि सांगून आली की माझी जोडणी आता होत नाही, का ते मला कळत नाही, कंपनीच्या लोकांना बोलावू नका. भेट रद्द झाली. विभागाचा विषय कुणी काढेना.

चिरमुल्यांना व्हायला हवा होता तेवढा आनंद झाला नाही. झाला, नाही असं नाही. ती फ्लास्कसमोर डोकं धरून बसली की त्यांना मनातून गार वाटायचं. पण लगेच काहीतरी बिघडायचं. कुणीतरी तिच्यासाठी चहा आणून ठेवायचं. रणपिसेबाई जाता-येता तिच्याजवळ पाच मिनिटं थांबायच्या. कॅन्टीनवाला म्हणायचा, ताईंना आज गरम काहीतरी द्या. चिरमुल्यांनी अठरा वर्षं अपयश काढलं होतं आणि त्यांच्या टेबलावर कुणी एक कप चहा ठेवला नव्हता. तिच्या यशाचा हेवा करून झाला होता, आता ते तिच्या अपयशाचाही हेवा करू लागले. एका संध्याकाळी आनंदीबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. आज कुणाचं चांगलं झालं? चिरमुले म्हणाले, कुणाचंच नाही. मग चेहरा असा का, असं त्या म्हणाल्या आणि वह्या तपासायला बसल्या.

दिवाळीनंतर एके दुपारी तनुजा त्यांच्याकडे आली. खुर्ची ओढून बसली नाही, उभीच राहिली. म्हणाली की लोखंड तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही, तुम्ही एकदा माझं काम बघा, मी कुठं चुकते ते सांगा. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्या क्षणी चिरमुल्यांच्या तोंडात खरं उत्तर आलं होतं. एकच वाक्य होतं ते. पण ती म्हणाली, तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही, आणि त्यांना आठवलं की हेच वाक्य अठरा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणणारी ही, हिला स्वतःला जमेनासं झाल्यावर. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “सॉल्व्हंटमध्ये पाणी असेल. पुन्हा गाळून घ्या. नीट, वेळ देऊन.”

ती गेली आणि तिने तेच केलं. आठवडेच्या आठवडे ती सॉल्व्हंट उकळून, वाफ गार करून, थेंब थेंब गोळा करत बसली. पाणी नव्हतंच त्यात, निघणार काय?

संक्रांतीच्या आठवड्यात रणपिसेबाईंचा निरोप आला की तनुजाला काही सांगायचं आहे, सगळ्यांनी सभागृहात या. चिरमुल्यांना वाटलं पोरगी राजीनामा देते. ते पुढच्या रांगेत बसले.

तनुजा उभी राहिली. वाळली होती, पण आवाज पूर्वीसारखा होता. तिने सांगितलं की नववर्षाच्या आधी भांडी धुणाऱ्या यंत्राच्या तळाशी तिला एक जुनं मॅग्नेट अडकलेलं सापडलं. हाताशी दुसरं नव्हतं म्हणून तेच टाकलं, आणि त्या एका फ्लास्कमध्ये ब्याण्णव आले. मग तिच्या लक्षात आलं. काळ्या मॅग्नेटवर पॅलेडियम होतं. माझी लोखंडाची जोडणी खोटी होती, ती म्हणाली, मी श्रावणात तुमच्यापुढे चुकीचं सांगितलं. चिरमुले मागे टेकून बसले. इतक्या महिन्यांनी त्यांना पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

पण ती थांबली नाही. म्हणाली, मग मी लोखंड काढून टाकलं आणि नुसत्या काळ्या मॅग्नेटवर जोडणी करून पाहिली. काहीच झालं नाही. नुसत्या लोखंडावर तीस, नुसत्या त्या पॅलेडियमवर शून्याच्या जवळ, आणि दोन्ही एकत्र आले की ब्याण्णव. पॅलेडियम इतकं थोडं की मोजायला मोठं यंत्र लागलं. एकट्याने ते काही करू शकत नाही, पण लोखंडाने हात दिला तर करतं. म्हणजे महाग धातूचा चिमूटभराच्याही हजाराव्या हिश्श्याएवढा कण पुरतो. पहिल्या शोधापेक्षा हा कितीतरी मोठा होता आणि हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं. रणपिसेबाई पुढे वाकून ऐकत होत्या.

“आणि हे मला चिरमुले सरांमुळं कळलं,” तनुजा म्हणाली. “त्यांनी दसऱ्याला आपलं कपाट उघडून नवे मॅग्नेट दिले नसते, तर मी त्याच काळ्या मॅग्नेटवर काम करत राहिले असते आणि चुकीचं छापून बसले असते. सरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण चांगल्या मनानं दिलेलं फुकट जात नाही, असं माझी आजी म्हणती.”

टाळ्या झाल्या. सगळे वळून चिरमुल्यांकडे बघत होते आणि हसत होते. अठरा वर्षांत त्या सभागृहात त्यांच्यासाठी वाजलेल्या या पहिल्या टाळ्या. त्यांनी त्या घ्यायच्या, मान लववायची आणि बसून राहायचं, एवढंच करायचं होतं. कुणालाही जमलं असतं. पण चिरमुल्यांना आत काहीतरी जळत गेलं. टाळ्या चांगल्या मनासाठी होत्या! सरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं म्हणे. शोध तिचा आणि आपण कपाट उघडणारे भले गृहस्थ. पॅलेडियम आहे हे तिच्या कितीतरी आधी त्यांनी ओळखलं होतं, आपल्या डोक्याने ओळखलं होतं, आणि आता ते तिच्या नावावर जाणार. ते उठून उभे राहिले.

“मॅडम, एक दुरुस्ती आहे,” ते रणपिसेबाईंना म्हणाले. “तो योगायोग नव्हता. काळ्या मॅग्नेटवर पॅलेडियम आहे हे मी गणपतीतच तपासलं होतं. मला माहीत होतं.”

मान ताठ ठेवून ते उभे राहिले. टाळ्या थांबल्या होत्या. त्यांना वाटलं लोकांना समजायला वेळ लागतोय, आणि ते खरंच होतं.

“लोखंड न घालता पाहिलं होतं का सर?” तनुजाने विचारलं. तिच्या आवाजात खोच नव्हती, रसायनशास्त्रज्ञ रसायनशास्त्रज्ञाला विचारतो तसं विचारलं होतं.

“त्याची गरज नव्हती,” चिरमुले म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांना कळलं की गरज होती. तो एक फ्लास्क त्यांनी लावलाच नव्हता. ती खोटी ठरली एवढं त्यांना पुरलं होतं, पुढे बघावंसं वाटलं नव्हतं. मोठा शोध त्यांच्या हाताखाली त्या रविवारी तयार होता आणि ते भजी खायला गेले.

तनुजा त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हिशेब जुळत चालला होता, एकेक महिना मागे जात. एरवी तिच्या बोलण्यात गावचा हेल असायचा. पुढचं वाक्य ती पुस्तकातल्यासारखं म्हणाली.

“दिवाळीनंतर मी तुमच्याकडे आले होते. तेव्हा तुम्ही मला सॉल्व्हंटमधलं पाणी काढायला सांगितलं.”

सांगण्यासारखं जे होतं ते चिरमुल्यांनी आपण होऊन सांगून टाकलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त त्यांना हात कुणी मागितलाही नव्हता. रणपिसेबाईंनी चर्चा इथे थांबवू असं म्हटलं. बाहेर टेबलावर तिळगूळ मांडला होता. लोकांनी एकमेकांना दिला, गोड बोला म्हणाले, आणि चिरमुल्यांच्या बाजूने जाताना आपापल्या फोनमध्ये बघू लागले.

चैत्रात तनुजाचा शोधनिबंध छापून आला. तोवर विभागाच्या दारावर तिच्या नावाची पाटी लागली होती आणि चिरमुले जुन्याच जागी, जुन्याच कपाटाशेजारी बसत होते. कपाटाचं कुलूप त्यांनी काढलं होतं, पण कुणी त्यातलं काही मागायला येत नव्हतं. निबंधाची प्रत त्यांच्या टेबलावर कुणीतरी ठेवून गेलं. त्यांनी आधी पहिलं नाव बघितलं, मग दुसरं, आणि तिसरं त्यांचं होतं. रणपिसेबाईंनी ते काढायला सांगितलं होतं, हे त्यांना नंतर कळलं. तनुजा म्हणाली होती की काळं मॅग्नेट त्यांनी माझ्या आधी ओळखलं हे खरं आहे, आणि खरं आहे ते निबंधात राहणार.

त्या संध्याकाळी त्यांनी ती प्रत आनंदीबाईंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून नवऱ्याचं नाव वाचलं आणि त्या खूश झाल्या. अठरा वर्षांनी एकदाचं झालं म्हणाल्या, पेढे आणा म्हणाल्या. चिरमुले उठले नाहीत. मग त्यांनी सगळं सांगितलं. कपाट, आपट्याचं पान, सॉल्व्हंटमधलं पाणी, सगळं. सांगून झाल्यावर आनंदीबाईंनी ती प्रत पुन्हा हातात घेतली आणि तिसऱ्या नावावर बोट ठेवलं.

“आणि एवढं होऊन तिने हे ठेवलं?”

“हो.”

“तिच्या जागी तुम्ही असता तर?”

चिरमुल्यांनी त्या बोटाकडे पाहिलं. खोटं बोलायची आता सोय नव्हती.

“मी नसतं ठेवलं,” ते म्हणाले.